ताणावरचा मोगरा

"परळीला कळ्या लागल्यात, लातूर अजून मोकळीच हाय, आन् बार्शीचं काई खरं न्हाय." कळंबला भाड्याच्या खोलीत राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी घरमालक गच्चीच्या कठड्यावरून मला हे सांगत होते. मी खाली अंगणात कपडे वाळत घालता घालता मान डोलावत होते. म्हातारबुवांचं काहीतरी बिनसलंय, असं मी मनात ठरवूनही टाकलं. मी शाळेतली मास्तरीण; माणसाबद्दल मत बनवायला मला फार वेळ लागत नाही.

दुपारी गच्चीवर गेले तेव्हा उलगडा झाला. रंगाच्या रिकाम्या बादल्या, कापलेले तेलाचे डबे, कान तुटलेलं एक घमेलं, आणि प्रत्येकात गुडघ्याएवढं मोगऱ्याचं झुडूप. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात गावाचं नाव लिहिलेलं: परळी, लातूर, बार्शी, केज, अंबाजोगाई. देविदास वाघमारे यांची सगळी नोकरी कळंबच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत, माईकसमोर गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी फलाट गच्चीवर आणले होते, एवढंच. गाव त्यांना 'कंट्रोलर' म्हणायचं, मी काका म्हणू लागले.

त्या हातभर गच्चीवर त्यांचा कडक कारभार चाले. झाड गुडघ्याच्या वर गेलं की कात्री. "कुंडीत ऱ्हायचं तर पाय आवरून बसावं लागतंय," म्हणायचे. पण त्यांचा खरा हट्ट होता तो ताणाचा. मार्गशीर्षात ते मोगऱ्याचं पाणी तोडायचे. पानं पिवळी पडून गळायची, उरलेली ते हातानं ओरबाडायचे, आणि नुसत्या काटक्या उभ्या राहायच्या. बघणाऱ्याला वाटावं, झाडं गेली. महाशिवरात्र झाली की छाटणी, शेणखत, भिजवलेल्या पेंडीचं पाणी, आणि मग चैत्रात असा बहर की जिन्यात वास मावायचा नाही.

माझ्यासारख्या उतावळ्या बाईला ते उघडं रान बघवत नसे. थोडं पाणी घातलं तर काय बिघडेल, असं मी एकदा विचारलं. काकांनी चष्मा काढून पुसला, खिडकीतल्या प्रवाशाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, गाडी उशिरा सुटली तर लोक शिव्या देतेत. लवकर सोडली तर कुणीतरी मागं ऱ्हातंय. मला शिव्या परवडल्या." वेळेआधी पाणी मिळालं की झाड नुसत्या पानांवर जातं, कळी मागंच राहते, हे त्यांनी नंतर समजावलं. आख्ख्या नोकरीत एकही गाडी वेळेआधी सोडली नाही, हे मात्र ते मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे.

त्यांच्या बायकोला, शकुंतलामावशींना, हे सगळं पाठ होतं. त्यांचं माहेर येरमाळ्याचं. माहेरच्या दारातली मोगऱ्याची फांदी आणून लावलेली कुंडी म्हणजे 'येरमाळा'. त्या कुंडीची पहिली फुलं मावशींच्या डोक्यात जायची, मग देवाला. देवी समजून घेती, असं त्यांचं म्हणणं.

एका वर्षी संक्रांतीनंतर मावशींना धाप लागायला लागली. भाजी निवडतानासुद्धा त्या मध्येच थांबायच्या आणि छातीवर हात ठेवून बसायच्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं. ऑपरेशन करा, आणि वाट बघू नका. काकांनी परतल्यावर बॅग खोललीच नाही. पण मावशींनी घरात पाऊल टाकल्या टाकल्या जाहीर केलं, "मोगरा बघून जाईन. चैत्रात." त्यावर त्या अडून बसल्या. मुलगा पुण्याहून फोनवर ओरडला, मी माझ्या परीनं शाळेतला आवाज लावून पाहिला. मावशी ऐकून घ्यायच्या, आणि चहा टाकायच्या. काका मात्र उठून गच्चीवर जायचे.

एका रविवारी दुपारी जिन्यात पाण्याचा आवाज आला. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. भरलेली बादली कुणी उगाच जिना चढवत नाही. मी वर गेले. काका परळीत पाणी घालत होते. बार्शी भिजली होती, लातूर भिजली होती. पौष अजून संपला नव्हता.

 मला पाहून त्यांनी रिकामा तांब्या बादलीत ठेवला आणि म्हणाले, "हिला सांगू नका."  चैत्र त्यांना माघात आणायचा होता, आणि तो येणार नाही हे कळंबमध्ये त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी पाणी घातलं होतं. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी खाली येऊन उगाच भांडी घासत बसले.

पुढचे दिवस वाईट गेले. झाडांनी अंग धरलं. हिरवीगार, तजेलदार पानं फुटली, रोज नवी. काका सकाळ-संध्याकाळ प्रत्येक शेंडा बोटांनी उलगडून बघायचे. कळी नाही. खालून मावशींच्या खोकल्याचा आवाज यायचा आणि काकांची बोटं तिथंच थांबायची. मावशी विचारायच्या, काय म्हणतोय मोगरा? जिना चढायला डॉक्टरांनी बंदी केली होती, त्यामुळे काका सांगतील तेच खरं. "ताणावर हाय," ते सांगायचे. आयुष्यभर माईकवर खरी वेळ सांगितलेला माणूस, खोटं बोलताना भिंतीकडे बघायचा.

आणि एक दिवस शाळेतून आले तर मावशी जिन्यात. प्रत्येक पायरीवर बसत, कठड्याला धरून वर निघालेल्या. ओठ निळसर झाले होते. मी आणि मागून धावत आलेले काका, दोघांनी धरायला पाहिलं, तर त्यांनी नुसता हात वर केला. वर पोचल्यावर त्या टाकीला टेकल्या. श्वास जागेवर यायला बराच वेळ गेला. तोवर समोर ती हिरवी रांग उभी होती, बिनफुलांची. आम्ही दोघंही परीक्षेत नापास झालेल्या पोरांसारखे खाली बघत होतो.

"तुमी गाडी आधीच सोडली व्हय?" मावशींनी विचारलं.

काकांनी होकारार्थी मान हलवली.

मावशींनी केजचं एक पान तोडून हातात फिरवलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तुमी काई झालं तरी वेळेआधी पाणी सोडनार न्हाईत, म्हनून तर म्या मोगऱ्याचं नाव घेतलं होतं. मला लई भ्या वाटतंय हो त्या आपरेशनचं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आता तुमीच सोडली म्हनल्यावर म्या कशाला थांबू? चला, उद्याच जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याची गाडी दारात लागली. काका पुढं बसले, मावशी मागं उशीला टेकून. निघताना काकांनी मला किल्ली दिली आणि झाडांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. येरमाळ्यावरून जाताना मावशींनी गाडी थांबवून देवीच्या डोंगराकडे हात जोडले, एवढं पुतण्यानं नंतर सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी वर्गात फळ्यावर एकच गणित दोनदा लिहिलं. फोन आला तो संध्याकाळी. "झालं. बरी हाय," काका म्हणाले.  शिवरात्र झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मॅडम, टाकीच्या मागं जावा. येरमाळा हाय तिथं. त्याला पाणी सोडा. वेळ झाली."

टाकीमागच्या त्या वाळक्या काटक्या मी मेलेल्या समजून कधीच सोडून दिल्या होत्या. मी विचारलं, ही कशी राहिली? काका म्हणाले, "सगळ्या सोडल्या. तिच्या म्हायेरची सोडायला हात धजला न्हाय."

मावशी घरी आल्या तेव्हा पाडवा होऊन गेला होता. येरमाळ्याला टपोऱ्या कळ्या लागल्या होत्या. काकांनी कुंडीच खाली आणून त्यांच्या खाटेजवळ ठेवली आणि बाजूला बसून राहिले. त्या वर्षी गच्चीवर बाकी एकही फूल आलं नाही, आणि काकांना त्याचं काही वाटलेलं मला दिसलं नाही.

काका गेले त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. आमचं सगळ्यांचं लक्ष मावशींच्या छातीकडे, आणि माघातल्या एका सकाळी दगा दिला तो काकांच्या छातीनं. घर माणसांनी भरलं. मावशी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे कोरडे. बायका कुजबुजायच्या की तिनं रडायला पाहिजे, असं आत धरून बरं नाही. दहाव्याच्या आदल्या दिवशी काकांची बहीण गच्चीवर लुगडी वाळत घालायला गेली. तिथं त्या उघड्या काटक्या पाहून तिला हुंदका फुटला. मालकामागं झाडंही वाळली म्हणाली, आणि तिनं टाकीतून बादली भरली.

बादलीचा आवाज खाली आला. मावशी उठल्या. कुणाला काही कळायच्या आत त्या जिना चढून वर गेल्या, मी मागोमाग. तांब्या धरलेला नणंदेचा हात त्यांनी तसाच वरच्या वर धरला.

"वन्सं, पानी घालू नका," त्या म्हणाल्या. "ताणावर हायेत ती."

त्याच माघाच्या शेवटी शिवरात्र झाली. पाहुणे केव्हाच पांगले होते. मी शाळेला निघाले होते, तेवढ्यात मावशींनी वरून हाक मारली. गच्चीवर त्यांनी छाटणी उरकली होती, शेणखत घातलं होतं, आणि भरलेली बादली पायाशी घेऊन त्या माझी वाट बघत होत्या. पहिला तांब्या त्यांनी येरमाळ्यात घातला. कोरड्या मातीनं तो गटागट ओढून घेतला.

"झाली वेळ," मावशी म्हणाल्या. "आता सोडायला हरकत न्हाय." आणि तांब्या हातातच धरून, काका गेल्यावर पहिल्यांदा, त्या रडायला लागल्या.