दहा हॉर्सपॉवरची नाव

डिसेंबरचं धुकं तलावावर असं बसलं होतं, की समोरचा काठ दिसत नव्हता. रुपरावनं कानटोपी खाली ओढली आणि शिडाच्या नावेच्या मागच्या फळीवर दहा हॉर्सपॉवरचं इंजिन आवळायला घेतलं. बोटं गारठलेली, पण हात सराईत. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांत त्यानं वीस वर्षं विहिरींवर पंप बसवले होते. तीनचा काढून पाचचा लावला की पाट तुडुंब वाहायचा. तीन वर्षांपासून तो तलावावरच्या या शिडाच्या नावांच्या क्लबात इंजिनं सांभाळत होता.

वारा पडला की शिकाऊ पोरांची नाव मोटरीवर परत आणावी लागे. जुन्या पाचच्या इंजिनाला पलीकडून यायला दहा मिनिटं लागत. वादळाच्या दिवसांत तेवढा वेळ क्लब चालवणाऱ्या नंदिनी मॅडमना धोक्याचा वाटे. रुपराव बोलून गेला होता, "दहाचं आणा. पाच मिनिटांत नाव काठाले लावतो. नाही लागली तं दुसरा मिस्त्री पाहा."

"बघा हं, मी खरंच पाहीन," मॅडम म्हणाल्या होत्या, आणि चाचणीपुरतं इंजिन मागवलं होतं.

धुकं विरल्यावर तो निघाला. पोरांना शिकवणारी दामिनी घड्याळ घेऊन सोबत होती. पलीकडच्या काठावरून नाव वळवून त्यानं इंजिन पूर्ण जोरात सोडलं. नावेचं नाकाड वर आलं, शेपूट पाण्यात रुतली, मागं ही मोठी लाट उठली. आवाज दुप्पट झाला, काठ काही धावत आला नाही.

साडेनऊ मिनिटं.

"काका, वारा समोरून होता म्हणून सांगू का मॅडमले?"

"कुठचा वारा वं? तो शेकोटीचा धूर पाह्य, सरळ वर जाऊन राहिला."

त्यानं पुन्हा फेरी मारली, या वेळी इंजिन अर्ध्यावर ठेवून. दहा मिनिटांना थोडी कमी. तो मागच्या लाटेकडे पाहत राहिला.

काठावर मॅडम थर्मास घेऊन उभ्या होत्या. दामिनीनं तोंड उघडायच्या आत तो बोलला.

"साडेनऊ. चुकलो मॅडम. पंपाचं गणित नावेले लावलं. नाव आपल्याच लाटेच्या खड्ड्यात बसते. जोर वाढवला का खड्डा खोल होते, अन् ते आपलाच चढ चढत राहते. एवढ्या लांबीची नाव याच्यापेक्षा जोरात पळत नाही, वीसचं लावा तरी."

"मग वादळ आलं तर?"

"ढग दिसले का पोरायले अर्ध्या तलावाच्या इकडंच ठेवा. तिथून जुन्या इंजिनानं पाच मिनिटं." त्यानं कानटोपी काढली. "आता मिस्त्री पाहा तुम्ही. शब्द माह्याच होता."

मॅडमनी कपात चहा ओतला. "दुसरा आला असता तर त्यानं पंधराचं लावून दिलं असतं. हे दहाचं काढा आधी, परत पाठवायचं आहे."

"म्हणजे पाच मिनिटांत आणलीच की काकानं," दामिनी म्हणाली.

"गप वं."

चहा संपवून त्यानं इंजिन उतरवलं, जुनं चढवलं. मग बादली उचलली आणि शेजारच्या होडीत झिरपून साचलेलं पाणी उपसायला लागला.