'न दुखता' गळू फोडणारे आमचे सर

दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत! नव्वदीच्या दशकात सीबीडी बेलापूरला सरांच्या हाताखाली मी नवी डॉक्टर म्हणून लागले, तेव्हापासून साठलेत. त्यातले निम्मे एका काचेच्या बाटलीचे.

बाटलीत इथाइल क्लोराइड. खटका दाबला की बारीक थंडगार धार उडायची, कातडी पांढरी पडून बधिर व्हायची आणि तेवढ्यात सर गळू फोडून मोकळे! नवी वस्ती, नवा दवाखाना, पेशंट कसे यायचे? म्हणून सरांनी बाहेर बोर्डच लावला: 'गळू न दुखता फोडून मिळेल.' सरांची सगळी अब्रू त्या 'न दुखता'वर!

पहिलाच पेशंट सरकारी ऑफिसातला हेडक्लार्क. सरांनी मानेवरच्या गळवावर फवारा मारला, ब्लेड उचललं, तोच यांचा हात वर. "एक मिनिट! आधी पूर्ण प्रोसिजर समजावून सांगा."

सरांनी बिचाऱ्यांनी सांगितली. तोवर बधिरपणा उतरला. पुढची किंकाळी खालच्या पानवाल्यानेही ऐकली!

"बोर्डावर 'न दुखता' लिहिलंय!" हेडक्लार्क साहेब कळवळले.

"फाईल वेळेवर पुढे सरकली असती तर नसतंच दुखलं," सर म्हणाले.

करावे गावच्या कबड्डी टीमचा कॅप्टन घोटा धरून आला. "डाक्टर, फवारा मारा, मना खेलाचं हाय!"

सरांनी मारला, पण बजावलं, "दुखणं थांबलंय, पाय बरा झालेला नाही. बसून राहायचं."

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या दोघांच्या खांद्यावर हजर. घोट्याचा भोपळा झालेला!

"खेळलास ना?"

"दुखत नव्हता, म्हंजी बरा झालेला! आता परत मारा, फायनल हाय."

"आता फवारा पायावर नाही, तुझ्या डोक्यावर मारायला पाहिजे!" सर ओरडले आणि त्याला प्लास्टरवाल्याकडे धाडलं.

आमच्या सुमन सिस्टरना त्या औषधाचा गोडसर वास फार आवडायचा. एकदा बाटली नाकाशी नेऊन म्हणाल्या, "सर, डोकं कसं हलकं वाटतंय!"

सरांनी बाटली हिसकावून धडाधड खिडक्या उघडल्या. "हुंगत राहिलात तर बेशुद्ध पडाल! आणि हे पेट्रोलसारखं पेटतं, उद्यापासून उदबत्तीसुद्धा आत नको." गणपतीचा फोटो बाहेर जिन्यात गेला.

"देवालाच बाहेर काढलं!" सिस्टर हिरमुसल्या.

"आग लागली तर तेवढा एक तरी वाचेल!"

आणि मग ती चिमू. सात वर्षांची, कान टोचायचे राहून गेलेली. दुसऱ्या दिवशी मावशीचं लग्न, नवे डूल घालायचे होते. सोबत साताऱ्याची आजी. फवारा मारून सरांनी डावा कान टोचला, पोरीला पत्ताही लागला नाही. बोर्ड जिंकला!

उजव्या कानासाठी सरांनी बाटली उचलली आणि आजींनी पिशवीतून निरांजन काढून काडी ओढली. ओवाळायचं राहिलं होतं म्हणे!

"विझवा!" सर असे ओरडले की मीही दचकले.

"शुभकार्यात दिवा विझवत्यात व्हय?"

सरांनी बाटली माझ्याकडे दिली, निरांजन घेतलं आणि जिन्यात गणपतीपुढे ठेवून आले. आजी खूश. पण त्या आरड्याओरड्याने चिमू बिथरली. दोन्ही हातांनी कान गच्च धरून रडायला लागली. "नको! दुखेल!" मग एका कानात डूल घालून लग्नाला कसं जायचं, म्हणून आणखी मोठ्याने रडली. मला तिची फार दया आली.

"आजी, तुला दुखलं होतं?" तिने हुंदके देत विचारलं.

"लई! पन म्या सोनाराच्या मनगटाला अशी कचकन चावले, की त्येला सुईच धरवंना!"

चिमूचं रडणं तिथेच थांबलं. तिने हात खाली घेतले, कान पुढे केला आणि सरांच्या मनगटाकडे टक लावून बघायला लागली.

सरांनी माझ्याकडून बाटली घेऊन हलवून बघितली. थोडंच उरलं होतं. आधी त्यांनी तिच्या कानावर फवारा मारला. मग तिच्याकडे एकदा बघितलं, आणि उरलेला सगळा स्वतःच्या मनगटावर!