बारवेतली हडळ

नेकनूरच्या शाळेत शिकवायला जाताना मला जुन्या बारवेपाशी शेळ्या चारणारी एक म्हातारी रोज दिसायची. कुणी पायऱ्यांकडे वळलं की काठी आपटून ओरडायची, "उतरू नगा, हडळ हाय आत!"

गावातल्या पोरांना ते पटेना. एका अवसेला पोरं खाली उतरली आणि हडळबिडळ काही नाही, असा व्हिडिओ त्यांनी गावभर फिरवला. महिन्याभरात बारवेतली देवीची मूर्ती चोरीला गेली.

दुसऱ्या दिवशी मी गाडी थांबवली. म्हातारी पायरीवर सुन्न बसली होती.

"आजी, हडळ होती का खरंच?"

"कुटली हडळ, बाबा? सासूनं शिकवलतं मला. लोक हडळीला भेत्यात. देवीला कोन भेतंय?"

आता बारवेत लोक दारूच्या बाटल्या फेकतात. म्हातारी तिकडं फिरकत नाही.