थंडावर अडलेला काटा

माझी जीप मुलाच्या लग्नाआधीपासून घरी आहे. डिझेलची, चारही चाकांनी ओढणारी, कापडी छताची. तिच्यात मी कापूस वाहिला, बियाणं वाहिलं, गावच्या बाळंतिणी दवाखान्यात नेल्या. शाळेत मी चौथीच्या पुढे गेलो नाही, पण या गाडीत असा एक नट दाखवा ज्याला माझा पाना लागला नाही. लोक म्हणतात म्हातारा फुशारकी मारतो. मारतो. कमावलेली आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात ती खिंडीत उकळली. बायकोला तिच्या थोरल्या बहिणीकडे नेत होतो. बहिणीचं गाव पांढरकवड्याच्या पलीकडे, जंगलात, खिंड ओलांडून. तिकडे एसटी जात नाही, आणि साधी गाडी नेली तर तिचं पोट दगडाला टेकतं. बहिणीचे गुडघे गेले, ती इकडे येऊ शकत नाही. जीप आहे म्हणून दोघी बहिणींची भेट होते. तर त्या दिवशी अर्ध्या चढावर बोनेटातून भसाभसा वाफ निघाली, आणि समोरचा तापमानाचा काटा? काटा थंडावर. पाण्याचा एक पाइप चिरला होता, पाणी कमी झालं होतं, पण सेन्सर मेलेला, त्यामुळे काट्यानं काही सांगितलंच नाही. गॅस्केट जळालं. ट्रॅक्टरनं ओढून आणावी लागली.

मुलगा दिग्रसला बियाण्याच्या दुकानात कामाला असतो. त्याला कळलं तसा तो आला.

"बाबा, आता इकून टाकू. दिग्रसले एक गिऱ्हाईक हाय. बोललो मी त्याच्याशी."

"कोणाले इचारून बोलला बे?"

"आई तिथं जंगलात उन्हात बसून राह्यली. अजून कोणाले इचारू?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "गाडी नीट करतो. तुले बाजूले बसवतो आन् खिंड चढतो. मधात उकळली तर चाबी तूच घेऊन जाय."

"ठरलं. मंग हट्ट नाई करायचा."

"हट्ट तुया आईनं केला असंन. मी नाई करत."

चुलीपाशी बसलेली बायको हे ऐकून हसली, पण माझ्या बाजूनं नाही.

गॅस्केट मिस्त्रीनं बसवलं, पाइप मी बदलला. जुना सेन्सर खिशात घालून पांढरकवड्याला हायवेवरच्या दुकानात गेलो आणि आट्याला आटे जुळवून नवा आणला. अंगठ्याएवढा पितळेचा तुकडा. त्याचं टोक इंजिनातल्या पाण्यात बुडतं, डोक्याला एक वायर लागते, ती समोरच्या काट्याकडे जाते. पाणी तापलं की काटा वर. एवढंच काम. पण ते केलं नाही तर पूर्ण इंजिन बसतं.

बसवला, तर आट्यातून थेंब यायला लागला. तेवढ्यात माझा साळा आला. तो विहिरींवर मोटारी बसवतो, आमच्या भागात त्याच्या हातचे पाइप नाहीत अशी विहीर सापडायची नाही.

"सरका भाऊजी. पानी गळून राह्यलं म्हंजे माझं काम."

विहिरीच्या पाइपाला करतात तेच त्यानं केलं. आट्यांवर सूत गुंडाळलं, घट्ट, एकावर एक वेढे. वरून सफेदा, तो पांढरा चिकट लेप, थापला. सफेद्याचा डबा माझ्याच घरचा होता. कापसाच्या मुलखातला माणूस, गळतं दिसलं की त्याचा हात सुताकडेच जातो. मी पण मान हलवली.

"आता फुटंन, पन गळनार नाई," तो म्हणाला.

गळलं नाही. पण इंजिन चालू ठेवलं, बोनेट हात लावू देईना एवढं तापलं, तरी काटा थंडावर तसाच.

साळ्यानं काट्याच्या काचेवर टिचक्या मारल्या. "काटाच मेला, भाऊजी. कायले जीव काढता? या वयात लोकं नातवाले खेळवतात."

"तू मोटारी बसव. जाय."

मुलाचा फोन आला की गिऱ्हाईक रविवारी येतो म्हणते. बायकोनं बहिणीसाठी लोणच्याची बरणी कापडात बांधून दाराशी ठेवली होती. तिनं ती उचलून फळीवर ठेवली नाही. बरणी रोज येता-जाता माझ्या पायाशी यायची.

मी पाट टाकून गाडीपुढे बसलो. आधी सेन्सरची वायर काढली, चाबी फिरवली आणि वायरीचं टोक इंजिनाच्या लोखंडाला जरासं टेकवलं. काटा सरकन् लालावर गेला! म्हणजे काटा जिवंत, वायर पण जिवंत. मग पाणी काढून सेन्सर खोलला, आटे तसेच माखलेले. त्याला वायर लावली, दुसऱ्या एका वायरीनं त्याची पितळी मान इंजिनाला बांधली आणि टोक चहाच्या पातेल्यातल्या, आमच्याकडच्या गंजातल्या, उकळत्या पाण्यात धरलं. काटा वर. म्हणजे सेन्सर पण चांगला.

"माहा गंज काहून नेला?" बायको मागून म्हणाली.

"थांब न. तुया बहिणीकडं जायाचा रस्ता याच्यातच हाय."

हातात धरला तर चालतो आणि जागेवर बसवला तर मरतो. काहून? बांधलेल्या वायरीकडे पाहत बसलो, आणि उजेड पडला. सेन्सरला वायर एकच असते. करंट परत जातो तो त्याच्या आट्यांतून, इंजिनाच्या लोखंडात. आट्यांवर तर साळ्यानं सुताची गोधडी पांघरलेली! लोखंडाला पितळ टेकतच नव्हतं. विहिरीच्या पाइपातून फक्त पाणी जातं, त्याला सूत चालतं. याला नाही.

तारेच्या ब्रशनं आटे घासले, सोन्यासारखे चमकेपर्यंत. इंजिनाकडचे आटे पण पुसले. मानेखाली तांब्याचा वायसर घातला, गळती त्यानंच थांबली. पाणी भरून इंजिन चालू केलं. काटा हळूहळू उठला आणि मधात येऊन थांबला. मी साळ्याला फोन लावून फक्त एवढंच म्हटलं, "पाव्हणे, काटा जिवंत झाला."

रविवारी, गिऱ्हाईक यायच्या आत, मुलगा बाजूला बसला. बायको बरणी घेऊन मागे चढली.

"आई, तू उतर. आधी आम्ही पाहून येतो."

"मी बी येतो. उकळली तं तुमी दोघं भांडान, सोडवाले कोन हाय?"

खिंड लागली. उन्हानं दगड पांढरे पडले होते. चढाच्या मध्यावर काटा मधातून सरकला. मुलगा काट्यावरून नजर काढेना.

"बाबा, चढून राह्यला. थांबवा."

"त्याचं काम सांगणं हाय. त्यानं सांगितलं, आता माहं काम."

मी गाडी एकदा उभी केली, ती फक्त छोटा दांडा ओढून चारही चाकं लो गिअरमध्ये घ्यायला. इंजिनाचा भार उतरला, पंखा जोरात फिरायला लागला. गाडी माणसाच्या चालीनं, पण न दमता निघाली. लालाच्या अलीकडे काटा थबकला. मग काटा मागे आला, जरासा, अजून जरासा. माथ्यावर पोचलो तेव्हा तो परत मधात होता. बोनेटातून वाफेचा धागाही नाही.

माथ्यावर रेंज येते. आली तसा मुलाचा फोन वाजला. गिऱ्हाईकच होता. मुलानं एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा मागे आईकडे. ती बरणी मांडीवर घेऊन खाली बहिणीच्या गावची कौलं पाहत होती.

"नाई जी," तो फोनवर म्हणाला, "बाबा नाई म्हनतात."

"बाबा म्हनतात नको सांगू," मी म्हटलं. "तुयं सांग."

त्यानं फोन परत कानाला लावला. "मीच नाई म्हनतो जी. गाडी इकायची नाई." फोन खिशात टाकला आणि माझ्यापुढे हात केला. "सरका. उतार मी चालवतो."

मी सरकलो. पण काट्यावरची नजर काढली नाही.