साडेबारा सेकंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीतल्या मित्राला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखलंत तरी आता काय होणार? हे वाक्यही मी दोनदा खोडून लिहिलं.

गोष्ट तशी लहान आहे. एका शर्यतीची. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर बुडालं नाही. मग तीन वर्षं ती माझ्याजवळ का राहिली?

आमचं गाव फुलंब्रीच्या पलीकडं. संक्रांतीनंतर तिथं शंकरपट भरतो. हलक्या छकड्याला बैलांची जोडी जुंपायची आणि निशाण पडलं की चुन्याच्या रेघेपर्यंत पळवायची. आमची जागा अरुंद — एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला विहीर — म्हणून दोन जोड्या एकदम सुटत नाहीत. एक पळते, तिचा वेळ मोजतात, मग दुसरी. म्हणजे शेजारी पळणारं कुणी नसतंच. जिंकणं-हरणं सगळं घड्याळावर.

पूर्वी वेळ तोंडानं आकडे म्हणत मोजायचे आणि दर वर्षी भांडणं व्हायची. एकदा दोघांची डोकी फुटली. तेव्हापासून तालुक्याच्या शाळेतले खेळाचे मास्तर त्यांचं स्टॉपवॉच घेऊन यायला लागले, आणि गावात एक रिवाज पडला. वेळ सांगणाऱ्यानं आकडा एकदाच, मोठ्यानं सांगायचा. लगेच काटा शून्यावर आणायचा. घड्याळात दुसऱ्या कुणी डोकावायचं नाही. डोकावलं की वाद, म्हणून. हा रिवाज ध्यानात ठेवा. मी त्याच्याच आड लपलो.

त्या वर्षी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, औरंगाबादला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारा मी पहिला. वर्गात मी फारसा बोलत नसे. पण इतिहासाच्या सरांनी एकदा जुन्या काळच्या रथांच्या शर्यतींबद्दल सांगितलं. ग्रीस देशात जिंकण्याचा मान रथाच्या मालकाला मिळायचा, लगाम धरणाऱ्याला नाही. आपल्याकडं वाजपेय यज्ञात सतरा रथ पळवायचे, पण पहिला येणार तो यजमानच, हे आधीच ठरलेलं. सरांनी पुस्तकातलं एक चित्र दाखवलं. मातीच्या घड्यावर काढलेला सारथी — पुढं वाकलेला, दोन्ही मुठींत लगाम. मी पहिल्यांदाच हात वर केला. म्हणालो, सर, आमच्या गावात हे अजून आहे.

सर म्हणाले, "मग लिही की. स्पर्धेला निबंध दे."

मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. पटाला गेलो तो निबंध डोक्यात घेऊनच. नेमके त्या वर्षी मास्तर आजारी पडले. त्यांनी घड्याळ तेवढं पाठवलं. ते कुणाच्या हातात द्यायचं? पटाची व्यवस्था बघणारे तात्या म्हणाले, "ह्यो कालिजात जातो. ह्याला बसवा. शिकलेल्या पोराला काटा तर कळंल." मला रेघेजवळ एका बैलगाडीवर चढवलं. पाच-सहाशे माणसांच्या वर बसलो होतो मी. वडील खाली गर्दीत उभे होते.

पहिल्या आठ जोड्या मी नीट मोजल्या. हे खरं आहे. सगळ्यात कमी वेळ अकरा सेकंद, सगळ्यात जास्त तेरा.

नववी जोडी युनूसचाचाची. चाचाला आमच्याकडं सगळे ओळखतात. थोडी जमीन, भाजीचा मळा, आणि पटाचा नाद. त्याचा डावा बैल राजा त्यानं वासरू असल्यापासून वाढवला होता. दोन वर्षं राजा पळताना मधेच दबायचा, वेग सोडायचा. घरचे म्हणत, हा बैल काढा, कामाचा घ्या. चाचानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, यंदाचा शेवटचा पट. राजा पळाला तर राहील, नाही तर बाजार. जुंपण्याआधी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बेटा, नीट बघ रे. माझं लई लागलंय याच्यावर."

निशाण पडलं. चाचा छकड्यावर अर्धवट उभा राहिला, पुढं वाकला, दोन्ही मुठींत कासरे — आणि मला ते घड्यावरचं चित्र दिसलं. अगदी तसंच. मी मनात निबंधाचं पहिलं वाक्य जुळवायला लागलो. चांगलं वाक्य होतं. ते पूर्ण झालं तेव्हा जोडी अर्ध्याच्या पुढं आलेली होती, आणि माझा अंगठा घड्याळावर तसाच होता. न दाबलेला.

तेव्हा दाबला. जोडी रेघेवरून गेली, पुन्हा दाबला. काट्यानं चार सेकंद दाखवले.

लोक ओरडत होते, "पळाली! पळाली!" मग आकड्यासाठी सगळ्यांनी माझ्याकडं माना वळवल्या. आता काय सांगायचं?

खरं सांगायची सोय होती, हे मुद्दाम लिहितो. घड्याळ चुकलं तर जोडीला विसावा देऊन पुन्हा पळवायची, असं ठरलेलंच होतं. मास्तरांकडून एकदा चुकलं होतं, लोक हसले होते, बस्स. मलाही हसले असते. वडिलांच्या समोर हसले असते. एवढंच.

मी म्हणालो, "साडेबारा."

हा आकडा कुठून आला? त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तो घाबरून तोंडातून निसटला नव्हता. तेवढ्या वेळात मी हिशेब केला. दहा किंवा अकरा म्हटलं तर पहिल्या नंबरावरचे जोडीवाले उठतील, विचारतील. तेरा-चौदा म्हटलं तर लोकांचा विश्वास बसणार नाही. मधल्या आकड्यासाठी कुणी भांडत नाही. मग मी काटा शून्यावर आणला. रिवाजाप्रमाणे.

कुणीतरी ओरडलं, "मियाँ, बैलं आणली का म्हशी?" लोक हसले. मीसुद्धा थोडा हसलो. चाचा छकडा वळवून माझ्यापाशी आला.

"किती बोल्ला?"

"साडेबारा, चाचा."

तो आपल्या हातांकडं बघत राहिला. "हाताला तर लई हलकी लागली व्हती रे जोडी," तो म्हणाला. "पन घड्याळ कशाला खोटं बोलंल? मलाच कळंना झालंय."

पुढच्या बाजारात त्यानं राजाला विकलं. दुसरा बैल वेगळ्या जोडीत चालेना, तोही दिला. त्यानंतर तो पटाला आला नाही.

माझा निबंध पहिला आला. त्यात एक वाक्य आहे — प्राचीन काळी निकाल माणसांच्या मर्जीवर असे, आता घड्याळामुळं कुणावर अन्याय होत नाही. हे मी पटानंतर दहा दिवसांनी लिहिलं. शांतपणे, चांगल्या अक्षरात. सरांनी त्या वाक्याखाली लाल शाईनं रेघ ओढली आणि लिहिलं, उत्तम. खरं सांगू? 'साडेबारा' म्हणताना मी घाबरलेला होतो. हे लिहिताना नव्हतो.

गेल्या वर्षी एस.टी.त चाचा शेजारी बसला. भाजीच्या टोपल्या टपावर टाकून शहरात निघाला होता. पुढच्या शिक्षणाचं विचारलं. मग आपणहूनच पटाचं काढलं. "सगळे गोड बोलत व्हते बेटा, पळाली पळाली म्हनत व्हते. तू तेवढा खरा आकडा सांगितला. नाय तर मैं और दो साल उसी नाद में रहता. बरं केलं तू."

मी म्हणालो, "व्हय."

शहराच्या वेशीवरच्या हर्सूलपर्यंत वेळ होता. गाडीत गर्दी होती पण ऐकू गेलं असतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. उतरताना त्यानं मला एक कोबी दिला. मी घेतला. खोलीवर आणून आम्ही तो खाल्ला.

त्या दिवशी ती जोडी किती सेकंदांत आली, ते मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही. कदाचित खरंच साडेबारा असतील. या 'कदाचित'वर मी तीन वर्षं काढली. पण मी ते बघितलं नव्हतं, आणि बघितल्यासारखं सांगितलं.

चाचा मराठी बोलतो, पण त्याची शाळा निजामाच्या अमदानीत झाली, चार इयत्ता, उर्दूत. मराठी त्याला वाचता येत नाही. हे मी लिहायला बसलो तेव्हाही मला माहीत होतं.