परभणीच्या टॉकीजमधलं घड्याळवालं भूत

टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. लोक स्वतःच आणून देतात, वर मूठभर शेंगाही! निजामी जाऊन दोन-चार वर्षं झाली असतील. परभणीच्या आमच्या पत्र्याच्या टॉकीजला भुताचा पिक्चर लागला. ऑपरेटर रहीमचाचांनी पहिल्याच दुपारी निकाल दिला, "आवाज एक नंबर, भूत दोन नंबर!"

*

आवाज खरंच जबरदस्त! पडद्यावर हवेलीचं दार करकरायला आणि उशिरा आलेल्या एकानं आमचं दार ढकलायला एकच गाठ पडली. पुढची माणसं उड्या मारून मागच्या बाकांवर! इंटरवलला मी तेलाचा डबा काढला, तर मालक धावत आले.

"खबरदार! निम्मी भीती तर आपल्या दाराची हाय!"

*

भुताचं मात्र अवघड होतं. पांढरं लुगडं, मोकळे केस, सगळं झकास. हात वर केला, तर मनगटावर घड्याळ! कापूस विकून आलेला मानवतचा एक शेतकरी उभा राहिला.

"बाई, मानवतची गाडी गेली का बघा की जरा!"

त्यानंतर त्या खेळात ती कितीही किंचाळली, कुणी भ्यायलं न्हाई.

*

एकदा चाचांनी रिळं उलटसुलट लावली. बाई मरायच्या आधीच भूत झाली! आता लोक बाकं मोडणार म्हणून मी दार धरून उभा. तिसऱ्यांदा पिक्चर बघणारा एकजण बाहेर आला, माझा हात धरून म्हणाला, "आज कुठं स्टोरी समजली!"

*

सखू पिंगळीची. नवरा मारुती शेळ्या राखायचा. स्टेशनच्या वाटेवरच्या विहिरीत बाई दिसते, असा सखूनं धसका घेतलेला. घराबाहेर पडणं बंद, जेवण तुटलं. मारुतीनं तिला परभणीला दवाखान्यात आणलं. परतताना टॉकीजपाशी तीच अडून बसली, "बघू तरी, कसं असतंय भूत."

मी मारुतीला बाजूला घेतलं. "घरी ने बाबा. हिला काही झालं म्हणजे?"

पण ती ऐकेना.

पडद्यावर विहीर आली. विहिरीवर भूत अधांतरी, अन् त्याला बांधलेली तार चक्क दिसायलेली! तरी बायकांनी तोंडावर पदर घेतले. सखू ताडकन उठली. मारुतीनं तिचा हात घट्ट धरला, तर ती पडद्याकडं बोट करून ओरडली,

"आवो, हिलाच लय भ्या वाटायलंय! उतरवा की तिला कुणीतरी!"

आणि खदाखदा हसायला लागली. मारुती हसता हसता रडला. माझाही जीव भांड्यात पडला.

पुढच्या बाजाराला सखू दिसली, एकटी! मी विचारलं, "विहिरीवरूनच आलीस का गं?"

"तिथूनच की."

"मग? दिसली का बाई?"

"दिसली." शेंग फोडत ती म्हणाली, "म्हणली, कालच खाली उतरले."