लव्हाळ्याचा खेळ

मोताळ्याच्या मुलींच्या शाळेत आम्हाला एकच बाई होत्या. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं आणि बाईंचं शिक्षण नागपूरला झालेलं. तिथून त्यांनी बॅडमिंटनच्या दोन बॅटी आणि थोडी पिसांची फुलं आणली. खेळ साहेबांचा, बाई मात्र लुगड्याचा कासोटा घट्ट खोवून खेळायच्या. फुलं लवकरच झडली. मग एका मुसलमान मैत्रिणीच्या घरून कोंबडीची पिसं आणून आम्ही बुचात खोचत असू. ती फुलं वाटेल तिकडे जात.

डाव सुरू करताना बाई म्हणायच्या, "लव्ह ऑल." आम्हाला ऐकू यायचं, लव्हाळं. नदीकाठी उगवतं तेच. एकही गुण नाही म्हणजे लव्हाळं, असं आम्ही समजलो आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडू लागलो.

पोस्टमास्तरांनी माझ्या वडिलांना खरा शब्द आणि त्याचा अर्थ सांगितला. वडील वावरातून तडक मैदानावर आले, माझा हात धरला.

"चाल घरी. झाली तुही शाळा."

चौथीची परीक्षा जवळ आली होती. एकदा घरी नेलेली मुलगी आमच्याकडे परत शाळेत येत नसे. बाई आडव्या आल्या. "काय झालं, भाऊ?"

"बाई, लव्ह म्हंजे पिरेम म्हन्ते. पोरी भर मैदानात पिरेम-पिरेम वरडून राह्यल्या, अन् तुमी आयकून राह्यल्या?"

"या खेळात त्याचा अर्थ शून्य. काहीच नाही."

"मंग शून्य म्हना ना! काऊन पिरेमात पडता?"

मुली फिदीफिदी हसल्या. बाई लाल झाल्या. त्या शिकलेल्या होत्या. वाद घातला असता तर जिंकल्या असत्या आणि मी घरी बसले असते. त्या म्हणाल्या, "आजपासून भोपळा म्हणू."

वडिलांनी जरा विचार केला. "भोपळा चालते," म्हणाले आणि हात सोडला. पण गेले नाहीत. बांधावर बसून राहिले. माझं एक फूल चुकलं तशी त्यांची हाक आली, "वरतून आलं का हान ना वं! काय पाहून राह्यली?"

मी चौथी पास झाले. पुढे बाईंची बदली झाली. मास्तरीणबाईंचे आभार मानायची तेव्हा रीत नव्हती, मीही मानले नाहीत. आता मानते.